म्युझियमच्या फुलपाखरू दालनात स्वयंसेवक व्हायचंय? कोषांच्या खोक्यापासून बाहेरच्या दारापर्यंत

फुलपाखरांच्या दालनात काम करतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बोटावर बसलेलं निळं फुलपाखरू आणि भोवती मुलांचा घोळका येतो. तसं कधीकधी होतंही. पण स्वयंसेवकाचा बहुतेक वेळ दार सांभाळण्यात, कोष मोजण्यात, केळी कापण्यात आणि पतंगाकडे बोट दाखवून "मेलेला नाही हो, दिवसा झोपतो तो" हे पुन्हापुन्हा सांगण्यात जातो. मला हे काम मनापासून आवडतं. ते करू इच्छिणाऱ्यांनी आधी नीट समजून घ्यावं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी लिहितेय ते अमेरिकेतल्या म्युझियमांबद्दल. जिवंत फुलपाखरांची मोठी दालनं इथे बऱ्याच शहरांत आहेत. ह्यूस्टनच्या नैसर्गिक विज्ञान म्युझियममधलं कॉकरेल बटरफ्लाय सेंटर १९९४ साली सुरू झालं. तीन मजली काचेच्या इमारतीत ५० फुटांचा धबधबा आहे आणि फुलपाखरं त्याच्या भोवतीने उडत असतात. गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा म्युझियममधलं बटरफ्लाय रेनफॉरेस्ट २००४ सालचं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत २०२३ साली नवं दालन उघडलं. यांपैकी बहुतेक शहरांत मराठी घरं भरपूर आहेत, आणि निवृत्त झालेले काका-काकू, नोकरीचा परवाना नसलेले जोडीदार, शाळेसाठी सेवेचे तास भरणारी मुलं असे तिन्ही प्रकारचे लोक मला या कामाबद्दल विचारत असतात.

अर्ज करण्याआधी

अर्ज म्युझियमच्या वेबसाइटवर 'व्हॉलंटियर' विभागात असतो. किमान वय बहुधा १६ किंवा १८ असतं. आठवड्यातून एक ठरलेली पाळी, तीन-चार तासांची, आणि निदान काही महिने सलग येण्याची तयारी एवढी अपेक्षा असते. दालनाला दोन आठवड्यांचा उत्साह नको असतो. शिकवण्यात त्यांचाही वेळ जातो.

व्हिसाचा प्रश्न आधीच सोडवा. ना-नफा संस्थेत, जिथे ते काम नेहमी स्वयंसेवकच करतात तिथे, मोबदला न घेता मदत करणं ही एक गोष्ट. पगारी माणसाच्या जागी फुकट काम करणं ही अगदी वेगळी गोष्ट, आणि ती अंगाशी येऊ शकते. एच-४ वर (म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल किंवा आई-बाबा पर्यटक म्हणून आलेले असतील, तर अर्ज भरण्याआधी स्वयंसेवक विभागाला हे स्पष्ट विचारा.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारा: दमट उकाडा सोसतो का? आत साधारण ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे २७ सेल्सियस तापमान असतं आणि हवा पाण्याने भरलेली. मुंबईच्या ऑक्टोबरात वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण दम्याचा त्रास असेल तर विचार करा. पंखांवरचे खवले आणि पतंगांच्या अंगावरची लव हवेत उडते. काहींना त्याने शिंका येतात, काहींना खोकला. दम्याच्या लोकांनी कोषांच्या खोलीत मास्क लावलेला बरा.

घरून निघताना

सुती कपडे, न घसरणारे बूट, पाण्याची बाटली. वाटा कायम ओल्या असतात. हातांना क्रीम, सनस्क्रीन, अत्तर यांतलं काहीही नको, आणि डास पळवणारं औषध तर मुळीच नको, कारण डासाला मारणारं बरंचसं फुलपाखरालाही मारतं. हात साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळखळून घ्यायचे. फुलपाखराला चव पायांनी कळते, तुमच्या बोटावर जे लागलेलं असतं ते सगळं त्याला लागतं. चष्मा असेल तर आत शिरताच धुकं धरतो. दोन मिनिटं थांबा, मग कामाला लागा. पाय कुठे पडतोय ते दिसत नसताना या दालनात चालायचं नाही.

पहिलं काम: दार

नव्या स्वयंसेवकाला बहुतेक ठिकाणी आधी दारावरच उभं करतात. कोणाकोणाला हे कमी दर्जाचं काम वाटतं. माझ्या मते सगळ्यांत जबाबदारीचं काम तेच.

कारण असं: दालनातली बरीचशी फुलपाखरं परदेशी असतात. ती आणण्यासाठी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी आणि ठेवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा परवाना लागतो. खात्याची भीती रास्त आहे. फुलपाखरू आपल्याला सुंदर दिसतं, पण त्याची अळी कुठल्यातरी पिकाची पानं खाते. घुबडासारखे डोळे पंखांवर मिरवणारं 'आउल बटरफ्लाय' मध्य अमेरिकेत केळीच्या बागांत नुकसान करतं. एखादी गाभण मादी बाहेर निसटली आणि तिला हवं ते झाड मिळालं, तर पुढे काय होईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. म्हणून दोन दारांची खोली असते. पहिलं दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मोठ्या आरशासमोर प्रत्येकाने पाठ वळवून पाहायचं.

तुम्ही काय तपासायचं? टोपीचा मागचा भाग, दप्तराचे पट्टे, कॅमेऱ्याची पिशवी, बाबागाडीचं छत आणि गाडीखालची जाळीची टोपली. बाबागाडीच्या टोपलीत अर्धं केळं राहिलेलं असेल तर 'आउल' तिथे हमखास सापडतं. फुलपाखरू दिसलं की ओरडायचं नाही. माणूस दचकतो, हात झटकतो, आणि पंख फाटतो. "जरा थांबा हं, तुमच्याबरोबर एक पाहुणा निघालाय" असं हळू आवाजात सांगायचं, फुलपाखराच्या पुढच्या बाजूला बोट आडवं धरायचं आणि त्याला आपणहून चढू द्यायचं. ओढायचं नाही. पायांना बारीक नख्या असतात, त्या लोकरीत अडकल्या तर पाय तुटतो. स्वेटरवर बसलं असेल तर बोट पायांखालून अलगद सरकवत न्यावं लागतं, मग ते स्वतःच पाय सोडवतं.

याच कारणाने दालनात मधाची झाडं भरपूर असतात, पण अळ्या ज्यांची पानं खातात ती झाडं सहसा लावत नाहीत. पेंटास, एक्झोरा, घाणेरी, जास्वंद चालते. कृष्णकमळाचा वेल नाही, कारण हेलिकोनियस फुलपाखरं त्यावर लगेच अंडी घालतील. पानावर, भिंतीवर, कधी पाहुण्याच्या बाहीवर अंडी दिसली तर स्वतः पुसून टाकू नका. कर्मचाऱ्याला दाखवा. ती गोळा करून गोठवून नष्ट करायची असतात.

कोषांची खोली

दारावर भरवसा बसला की इथे बोलावतात. मला विचाराल तर खरं दालन हेच.

कोष येतात कोस्टा रिका, फिलिपाइन्स, मलेशिया, केनिया अशा ठिकाणच्या फुलपाखरू-शेतांवरून. केनियाच्या किनाऱ्याजवळच्या अराबुको-सोकोके जंगलालगत १९९३ पासून किपेपेओ नावाचा प्रकल्प चालू आहे. जंगलाच्या कडेची शेतकरी कुटुंबं अळ्या वाढवतात, कोष परदेशातल्या दालनांना विकले जातात आणि त्या पैशामुळे जंगल राखण्यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो. खोकं उघडताना मला हे नेहमी आठवतं. आत कापसाच्या थरांत ठेवलेला प्रत्येक कोष कोणाच्या तरी महिनाभराच्या मेहनतीचा असतो.

खोकं उघडण्याआधी खोलीचं दार बंद. मग काम याच क्रमाने करायचं.

आधी मोजणी. जातीनुसार कोष वेगळे काढून यादीशी ताळा करायचा. कोष उचलायला बोटं चालतात, पण दाब नको. ताजा कोष टपोरा असतो, वजन लागतं, आणि कित्येक जातींचा कोष स्पर्श होताच कमरेपासून वळवळतो. हलका, सुरकुतलेला, काळा पडून पातळ झालेला किंवा वास मारणारा कोष लगेच बाजूला काढायचा आणि हात धुवायचे, नाहीतर तोच हात पुढच्या वीस कोषांना लागतो.

मग परजीवींची तपासणी. काही माश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधीलमाश्या अळीच्या किंवा कोषाच्या आत अंडी घालतात. कोषातून फुलपाखराऐवजी त्याच बाहेर येतात. कोषावर बारीक गोल भोक दिसलं, किंवा खाली धाग्यासारखा चिकट स्राव लोंबताना दिसला, तर तो कोष झाकणाच्या बाटलीत घालायचा आणि सांगायचं. बाटली उघडी ठेवून "आत्ता येते" म्हणून जायचं नाही. परवान्यानुसार हे परदेशी परजीवी बाहेर जाऊ द्यायचेच नसतात. खोक्यातला कापूस, कागद, पुठ्ठा साध्या कचऱ्यात टाकायचा नाही. तो गोठवून किंवा वाफेच्या यंत्रात तापवून मगच जातो.

त्यानंतर टांगणी. निसर्गात कोष आपल्या टोकाच्या आकड्याने रेशमाच्या गादीत अडकलेला असतो. इथे आपण ते काम गोंदाने करतो. कमी तापणाऱ्या गोंद-पिस्तुलाचा एक थेंब पट्टीवर टाकायचा, क्षणभर निवू द्यायचा आणि कोषाच्या टोकाला चिकटून आलेलं रेशीम त्यात टेकवायचं. गोंद अंगाला लागता कामा नये. दोन कोषांमध्ये पंख पूर्ण उलगडतील एवढी जागा सोडायची. नवे लोक हात बसला की कोष दाटीने लावू लागतात, आणि शेजाऱ्याच्या पंखात अडकून दोन्ही फुलपाखरं वाकडी होतात. पट्टीवर जात, तारीख आणि कोणत्या शेताचा माल ते लिहायचं. मॉर्फो या निळ्या फुलपाखराच्या पट्टीवर नुसतं 'निळं' लिहिलेलं चालत नाही.

या पट्ट्या काचेच्या पेटीत टांगतात. पेटीत दमटपणा साधारण ७५ ते ८५ टक्के ठेवतात. हवा कोरडी पडली तर कोषाची साल कडक होते आणि फुलपाखरू अर्ध्यातच अडकतं. पाण्याचा फवारा बारीक धुक्यासारखा हवा. कोषावर थेंब साचून राहिले तर बुरशी धरते.

बाहेर येताना

बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कित्येक कोषांच्या सालीतून पंखांचे रंग दिसू लागतात. सकाळी साल डोक्याकडून फुटते, पाय बाहेर येतात, आणि मिनिटभरात मऊ, फुगलेल्या पोटाचा, चिमुकल्या सुरकुतलेल्या पंखांचा जीव रिकाम्या सालीला धरून लोंबकळतो. पोट आकसतं-प्रसरतं, पोटातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकललं जातं आणि पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण लांबीचे होतात. पण ते ओल्या कागदासारखे असतात. वाळून ताठ व्हायला आणखी दोन-तीन तास लागतात. सोंडही दोन अर्ध्या नळ्यांची असते. फुलपाखरू ती गुंडाळत-उलगडत एकमेकींत बसवत राहतं. हे सगळं पेटीच्या काचेला नाक लावून जरूर पाहा. मी अजूनही पाहते.

या वेळात तुमचं काम एकच: कोणी खाली पडलंय का ते पाहणं. पडलेल्याला लोंबायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेले असतानाच वाळतात, आणि मग काहीही करता येत नाही. बोट किंवा जाळीचा तुकडा पुढे करायचा, चढलं की उभ्या जाळीवर लावायचं. लोंबणाऱ्याला मदत म्हणून हात लावायचा नाही. सालीत अर्धवट अडकलेल्याला सोलून काढण्याचा मोह होतो, तो आवरा आणि अनुभवी माणसाला बोलवा.

लालसर पाण्याचा थेंब खाली पडला की काचेबाहेरची मुलं घाबरतात: "रक्त येतंय!" ते रक्त नसतं. कोषात असताना साठलेली टाकाऊ द्रव्यं असतात ती. पेटीखालचा कागद रोज बदलायचा, नाहीतर मुंग्या येतात.

संध्याकाळी नोंद: किती निघाले, किती वाकडे, किती निघालेच नाहीत, किती परजीवींनी खाल्ले. हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण कोणत्या शेताचा माल चांगला, प्रवासात उशीर कुठे होतोय, पेटी कोरडी पडतेय का, हे सगळं त्यातूनच कळतं. अंदाजाने आकडा भरण्यापेक्षा जागा कोरी सोडून विचारा.

सोडणं आणि खाऊ घालणं

पंख वाळलेली फुलपाखरं जाळीच्या डब्यातून दालनात नेतात. उजेडाच्या, उबदार कोपऱ्यात, फुलाजवळ सोडायची. फुलपाखराचे उडण्याचे स्नायू तापले नाहीत तर ते उडूच शकत नाही, म्हणून ढगाळ दिवशी सोडलेलं जिथल्या तिथे बसून राहतं. ते वाटेवर बसलेलं नको.

खाद्याचे दोन प्रकार. फुलातला मध पिणाऱ्यांसाठी साखरेचं पाणी, साधारण दहा भाग पाण्याला एक भाग साखर. लाल-पिवळ्या स्पंजावर ओतलं की रंग पाहून ती येतात. मॉर्फो आणि आउल यांना फुलं नको असतात, पिकून आंबायला लागलेली फळं हवी असतात: काळी पडलेली केळी, संत्री, आंब्याच्या फोडी. घरी टाकून द्याल अशी केळी इथे उत्तम. ताटल्या रोज घासून बदलायच्या आणि ताटलीचा पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. झाडांवर मावा, पिठ्या ढेकूण पडला तर औषध मारता येत नाही. साबणाचं पाणी, कापसाचा बोळा आणि मित्रकीटक यांवरच भागवावं लागतं. पानं पुसणाऱ्या स्वयंसेवकांची दालनाला सदैव गरज असते, आणि अर्जात "बागकाम येतं" एवढं लिहिलंत तरी तुमचा नंबर लवकर लागतो.

पतंगांची पाळी

पतंगांकडे पाहुण्यांचं लक्ष जात नाही, आणि गेलं तर गैरसमजातून जातं. म्हणून मी त्यांच्यापाशी मुद्दाम उभी राहते.

अॅटलास पतंगाचा पंखविस्तार २४-२५ सेंटिमीटरपर्यंत जातो. कोकणात पावसाळ्यात घराच्या भिंतीवर अचानक ताटाएवढा पतंग येऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पेपरात येतो, तो याच कुळातला. दालनात तो सकाळी कोशेट्यातून निघतो आणि दिवसभर हलत नाही. त्याला ना धड सोंड, ना खाणं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, मादीचा गंध दुरून टिपण्यासाठी. मादीच्या मिशा त्यामानाने अरुंद. एवढं दाखवलं की दहा वर्षांची मुलंसुद्धा नर-मादी ओळखू लागतात.

पतंगाला हलवायचं नाही. त्रास झाला की तो खाली पडून पंख आपटतो, आणि उरलेल्या थोड्या दिवसांतली ताकद त्यात जाते. तो हाताच्या उंचीवर बसला असेल तर समोर उभं राहा किंवा दोरी लावून घ्या. अॅटलासच्या पंखाच्या टोकाला सापाच्या डोक्यासारखा आकार दिसतो, तो लांबूनच दाखवा. लूना किंवा मून मॉथ असेल तर त्याच्या लांब शेपट्यांची गोष्ट सांगा: त्या उडताना गिरकी घेतात, वटवाघळाच्या आवाजाच्या लहरींना चकवतात, आणि वटवाघूळ अंगाऐवजी शेपटी तोडून नेतं.

दालनात मराठी कुटुंब भेटलं की मी विदर्भातल्या कोशाची आठवण करून देते. भंडारा-गडचिरोलीकडचं टसर रेशीम ज्या पतंगाच्या कोशेट्यापासून निघतं, तो अॅटलासच्याच कुळातला. एका आजींनी हे ऐकल्यावर आपला पदर हातात घेतला, पतंगाकडे पाहिलं, पुन्हा पदराकडे पाहिलं, आणि नातवाला जवळ ओढून त्याच्या हातात तो पदर दिला.

पाहुण्यांशी बोलताना

व्याख्यान नको. त्यांना जे दिसतंय तिथून सुरुवात करा. नेहमीचे प्रश्न ठरलेले आहेत. "किती दिवस जगतं?" बहुतेक जाती दोन-तीन आठवडे. हेलिकोनियस फुलांचे परागही खातात, त्यातली प्रथिनं मिळाल्याने ती काही महिने जगतात. "पाय चारच का?" मॉर्फो, आउल, हेलिकोनियस यांची पुढची जोडी आखूड होऊन छातीशी घडी घातलेली असते. नीट पाहिलं तर दिसते. "निळा रंग हाताला लागतो का?" मॉर्फोच्या निळाईत रंगद्रव्य नसतंच, खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना ती निळाई तयार होते. पंख मिटला की दिसते ती खालची बाजू मात्र तपकिरी. "खवले निघाले तर मरतं का?" लगेच नाही, पण गेलेले खवले पुन्हा येत नाहीत.

मुलं हात पुढे करणारच. "हात लावू नको" म्हणण्यापेक्षा "बोट असं स्थिर धर, त्याला यायचं असेल तर येईल" म्हटलेलं मुलं ऐकतात. फुलपाखरू आलं नाही तर मूल हिरमुसतं. त्याला फळांच्या ताटलीपाशी न्या, सोंड केळ्यात कशी जाते ते दाखवा. मोठ्यांना वाटेकडे पाहून चालायला सांगावं लागतं. फोटो काढता काढता मागे सरकणाऱ्यांच्या पायाखाली सगळ्यांत जास्त फुलपाखरं जातात.

जमिनीवर मेलेलं सापडलं तर खिशात घालायचं नाही आणि कोणाला आठवण म्हणून द्यायचंही नाही. ठरलेल्या डब्यात टाकायचं. तेही गोठवूनच बाहेर जातं.

महाराष्ट्रात असाल तर

तिथे काम अगदी उलट्या दिशेने चालतं. ठाण्याला घोडबंदर रोडकडच्या ओवळेकर वाडीत जाळी नाही, दार नाही. अळ्यांची खाद्य वनस्पती आणि मधाची झाडं लावली, आणि फुलपाखरं आपणहून आली. अमेरिकेतल्या दालनात जी झाडं टाळतात, तीच तिथे मुद्दाम लावायची: लिंबू आणि कढीपत्ता लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मनसाठी, रुई प्लेन टायगरसाठी, पानफुटी रेड पिएरोसाठी. नर फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषतात, म्हणून चिखलपानासाठी एक कोपरा कायम ओला ठेवायचा.

२०१५ साली ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, आणि लिंबू वर्गातल्या झाडांवर त्याचीही अळी वाढते. मुलांना घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, सकाळी ऊन चढताना बाहेर पडा. देशभर सप्टेंबरात होणाऱ्या 'बिग बटरफ्लाय मंथ'मध्ये ठिकठिकाणी फेऱ्या आणि नोंदणी चालते, तिथे वहीत नोंदी करणारी माणसं हवी असतात. जात ओळखता येत नसेल तर पंख मिटलेले आणि उघडे असे दोन्ही फोटो काढा, वेळ आणि झाड लिहून ठेवा, ओळख नंतर करता येते. जाळी आणि बाटली घरी ठेवा. कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना पकडणं गुन्हा आहे.